एकच हिरवा, दोन पोत

एअरफिक्स या मॉडेल-किट कंपनीची 1:32 प्रमाणातली जुनी बेंटली पहिल्या भेटीत कुणालाच आवडत नाही. 1950च्या दशकातला पोलादी साचा, त्यातून ओतलेलं पॉलिस्टायरीन, चौकटीला लटकलेले सुटे भाग. हल्लीचे जपानी किट पाहिलेल्या डोळ्यांना सगळ्याच कडा जाड वाटतात. मात्र गाडी बांधून मेजावर ठेवली की ती जेमतेम चौदा सेंटिमीटरची असूनही खोलीत शिरणारा आधी तिच्याकडे बघतो. हे कशामुळे होतं?

माझ्या मते, नाकामुळे. मूळ गाडी म्हणजे साडेचार लिटरची सुपरचार्ज्ड बेंटली, शर्यतीच्या जगातली ‘ब्लोअर’. शर्यतपटू टिम बर्किनला जास्त वेग हवा होता. गाडीचा निर्माता डब्ल्यू. ओ. बेंटलीचं म्हणणं, वेग हवा असेल तर इंजिन मोठं करा, त्यात जबरदस्तीनं हवा कोंबू नका. बर्किन बधला नाही. डोरोथी पॅजेटचा पैसा आणि अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर घेऊन त्यानं आपला हट्ट पुरा केला. मूळ इंजिनात फेरफार करायला बेंटलीची ना, म्हणून हवा कोंबणारा तो पंप रेडिएटरच्याही पुढे, चासीच्या दोन हातांमध्ये उघड्यावर बसला. 1930च्या ल मॉं शर्यतीत ब्लोअर गाड्या शेवटापर्यंत न पोचताच बाद झाल्या आणि जिंकली ती सुपरचार्जर नसलेली बेंटलीचीच स्पीड सिक्स. ल मॉं ब्लोअरला कधीच जिंकता आली नाही. पण आज लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती हीच.

साचा कोरणाऱ्याला या नाकाचं महत्त्व बरोबर उमगलं होतं. पुढे जड पंप, मागे ताठ रेडिएटर, मग लांबलचक बॉनेट आणि आखूड शेपूट. वजन पुढे कलल्यासारखं वाटतं, पण गाडी तोंडावर पडत नाही. हा तोल एकदा साधला की बाकीच्या उणिवा माफ. म्हणून जुना किट सुधारायला बसताना मी आधी एक निवाडा करतो. कोणती गोष्ट साच्याला जमली नाही, आणि कोणती साचेकारानं तशीच ठरवली? पहिलीला हात लावावा, दुसरीला लावू नये.

मडगार्ड घ्या. एक मिलिमीटर जाडीचं मडगार्ड म्हणजे खऱ्या गाडीत तीन सेंटिमीटरहून जाड पत्रा! हा साचेकाराचा दोष नाही, याहून अरुंद फटीत प्लॅस्टिक पोचतच नव्हतं. इथं ब्लेडनं आतून खरवडायचं, तेही फक्त कडेजवळ. बाहेरचा आकार जसाच्या तसा राहतो, कड तेवढी पत्र्याची दिसू लागते. साच्याचे दोन अर्धे जुळतात तिथली उभी रेघ पाण्यातल्या पॉलिश पेपरनं घालवायची. बॉनेटवरचा चामडी पट्टा मास्किंग टेपच्या बारीक पट्टीचा करावा. दिव्यांपुढच्या जाळीसाठी चहाची गाळणी कुणी सुचवली तर ऐकू नका, ती फार ढोबळ पडते. कापडी पिशव्या छापणाऱ्यांकडे स्क्रीनची जरा जाडसर नायलॉन जाळी असते, तिचा एक तुकडा पुरतो.

नळ्यांसाठी बाजारात जायचं कारण नाही. भाग कापून घेतल्यावर जी चौकट उरते, तिचीच काडी मेणबत्तीच्या ज्योतीवर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरायची. मधला भाग चकाकू लागतो, मऊ पडतो. तेवढ्यात बाहेर घेऊन क्षणभर थांबायचं आणि ओढायचं. हळू ओढली तर नळी होते, झटक्यात ओढली तर केस. खामगाव ही रजतनगरी, तार ओढणं इथल्या बोटांना नवं नाही. चांदी एकेका भोकातून बारीक होत जाते, प्लॅस्टिक एकाच ओढीत होतं, एवढाच फरक.

खरा मोह चाकांचा. मूळ गाडीचा चार मिलिमीटरचा आरा 32 पट लहान केला तर मिलिमीटरचा आठवा भाग उरतो. प्लॅस्टिकचे आरे त्याच्या कितीतरी पट जाड असतात. हौशी लोक पितळेची नाजूक चाकं बसवतात, आणि तिथंच गाडी बिघडते. त्या चाकांशेजारी स्टिअरिंग अचानक बैलगाडीच्या चाकाएवढं वाटू लागतं, मग तेही बदला, मग दिवे बदला. शेवटी किट उरतच नाही. त्याऐवजी आऱ्याचा वरचा माथा तेवढा हिरवा रंगवावा, बाजू काळ्या ठेवाव्यात. डोळा माथाच मोजतो आणि आरा निम्म्यानं बारीक होतो.

सगळ्यात मोठी सुधारणा मात्र रंगाची, आणि तिला प्लॅस्टिकचा कणही कापावा लागत नाही. ल मॉंच्या ब्लोअरची मागची बॉडी पत्र्याची नव्हतीच. व्हॅन्डन प्लास या बॉडी बांधणाऱ्या कंपनीनं लाकडी सांगाड्यावर कापड ताणून ती बनवली होती. बॉनेट मात्र धातूचं. म्हणजे हिरवा एकच, पण बॉनेटवर त्याला चमक हवी आणि बॉडीवर तो मंद हवा. बहुतेकजण अख्खी गाडी चकचकीत करून मोकळे होतात. हा एक फरक पाळला की खेळणं आणि गाडी यांतलं अंतर तिथंच तुटतं, आणि पाहणाऱ्याला काय बदललं ते सांगताही येत नाही. दिव्यांच्या आत मी पेढ्यावरचा चांदीचा वर्ख लावतो. व्हार्निश अर्धवट चिकट असताना तो टेकवला की बसतो. सुपरचार्जर मात्र मुळीच चमकवू नये, तो कामाचा पंप आहे.

जाता जाता, एअरफिक्सचा पहिला किट गाडीचा नव्हता, फर्ग्युसन ट्रॅक्टरचा होता. फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांसाठी केलेलं ते मॉडेल 1949मध्ये सुट्या भागांत विकायला आलं. मॅसी फर्ग्युसनवर नांगरट करणाऱ्या आपल्या खामगाव भागात ते कुणी बांधलं तर बघायला आवडेल.

घाटाखालच्या तापत्या भागातल्या वाचकांना एक सूचना. एप्रिल-मेमध्ये दुपारी रंगाला बसू नका, कुंचला पोचायच्या आत थिनर उडतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पहाटे बसा, नाहीतर पावसाळा संपेपर्यंत थांबा. नेलपॉलिश रिमूव्हर जवळसुद्धा आणू नका, पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं. आणि पितळेच्या चाकांचे पैसे वाचवून दुसरा जुना किट घ्या.