नारायण सुर्वे यांच्या कवितेतील कामगार-हक्कांची जाणीव : एक चिकित्सा

साठोत्तरी मराठी कवितेच्या विवेचनात नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचा उल्लेख बहुधा ‘मानवतावादी कामगार-कवी’ असा केला जातो. या बिरुदात आदर आहे. परंतु त्यामुळे या कवितेची धार बोथट होते, हेही तितकेच खरे. दुःख, कणव आणि माणुसकी या शब्दांत तिचे मूल्यमापन केले की ती कोणालाच अडचणीची वाटत नाही. वस्तुतः सुर्वे यांची कविता कणव मागत नाही, ती हक्क सांगते. त्यांच्या संग्रहांची नावे पाहिली तरी हे ध्यानात येते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या नावातील अध्यात्माचा स्वर ‘जाहीरनामा’ (१९७५) आणि ‘सनद’ (१९८२) येथे पूर्णपणे मागे पडलेला आहे. जाहीरनामा आणि सनद हे दोन्ही शब्द सार्वजनिक दस्तऐवजाच्या परिभाषेतील होत.

या दृष्टीने ‘कार्ल मार्क्स’ ही कविता पुन्हा वाचण्यासारखी आहे. निवेदकाला मार्क्स ग्रंथालयात भेटत नाही, पहिल्या संपात भेटतो. पुढे तो गेट मीटिंगला गर्दीत उभा राहून निवेदकाचे भाषण ऐकतो आणि आपल्यालाही गटे आवडत असे, असे सांगतो. समीक्षकांनी या कवितेतील मिस्कील जिव्हाळ्याची पुष्कळ वाखाणणी केली. ‘गेट’ या स्थळाकडे मात्र फारसे पाहिले नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांमध्ये वाटाघाटींचा अधिकार ‘प्रातिनिधिक’ संघटनेकडे सोपविला होता. कारखान्याच्या आवारात वर्गणी गोळा करणे, सभासदांशी चर्चा करणे या सवलतीही मान्यताप्राप्त संघटनांनाच होत्या. इतरांना उरे तो दरवाजा. मालकाची हद्द जेथे संपते आणि शहराचा रस्ता जेथे सुरू होतो, तेथेच बिगरमान्य आवाजाला जागा होती. सुर्वे यांचा मार्क्स नेमका तेथे उभा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात वेतनवाढीइतकाच या कायद्याचा प्रश्न कळीचा ठरला. सुमारे अडीच लक्ष कामगार ज्यांच्यामागे उभे होते, त्यांच्याशी बोलण्यास कायद्याने कोणी बांधील नव्हते. ‘सनद’ त्याच वर्षी प्रसिद्ध व्हावी हा योगायोग. त्याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये.

अध्यापनाच्या संदर्भात एक गोष्ट नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. सुर्वे यांची कविता महाविद्यालयीन वर्गांत जे शिकवितात, त्यांतील अनेक जण तासिका तत्त्वावर, शैक्षणिक वर्षापुरते नेमलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ए. सुंदरम्बाळ खटल्यात, १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येनुसार शिक्षक ‘कामगार’ ठरत नाही, असा निर्णय दिला. शिकविणे हे उदात्त कार्य असल्याचा विचार त्या निर्णयामागे होता. गौरव आणि संरक्षण या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि पहिली दिली की दुसरीची गरज नाही असे मानले जाते. ‘मानवतावादी’ हे बिरुद देऊन समीक्षेने सुर्वे यांच्या कामगाराशी काहीसा असाच व्यवहार केला आहे.

या कवितेची मर्यादाही स्पष्टपणे मांडली पाहिजे. गेट मीटिंगच्या कवितेत हक्काची जी कल्पना आहे, ती गेट असलेल्या कामगाराची आहे. संघटना, मोर्चा, संप यांसाठी एक ठरावीक मालक आणि एक ठरावीक दरवाजा गृहीत धरावा लागतो. मुंबईत असा दरवाजा नसलेले श्रमिक तेव्हाही मोठ्या संख्येने होते. गोदीतील व बाजारपेठांतील हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा करावा लागला, तो मालक सतत बदलत असल्यामुळेच. घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला २००८ साल उजाडले.

तथापि सुर्वे यांच्याच ‘तुमचंच नाव लिवा’ या कवितेत या मर्यादेपलीकडची वाट दिसते. शरीरविक्रय करणारी स्त्री मुलाला शाळेत घालायला आणते आणि बापाच्या नावाच्या जागी मास्तरांचेच नाव लिहायला सांगते. येथे संप नाही, संघटना नाही, घोषणा तर नाहीच. तिच्या श्रमाला कोणताही कायदा काम मानीत नाही. ती मागते ती पटावरची एक नोंद. ही कविता कारुण्याची म्हणून वाचली जाते. परंतु त्या स्त्रीचा स्वर विनवणीचा कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे. शाळेचा नियम तिला ठाऊक आहे, त्यातील रिकामा रकाना तिने हेरला आहे आणि तो भरण्याची जबाबदारी ती समोर बसलेल्या पगारदार माणसावर टाकते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे शासकीय दस्तऐवजांत अनिवार्य करण्यात आले. वडिलांच्या नावाचा रकाना मात्र आईच्या नावापुढे कायम आहे.