अब्राहम ब्रायनचं रिकामं घर

गेटिसबर्ग हे नाव आपल्यातल्या बहुतेकांना लिंकनच्या भाषणामुळे माहीत असतं. पेनसिल्व्हेनियातल्या या छोट्या गावाभोवती १ ते ३ जुलै १८६३ असे तीन दिवस अमेरिकन यादवी युद्धातली सगळ्यात रक्तरंजित लढाई झाली. मेलेले, जखमी, कैद झालेले आणि बेपत्ता असे सगळे मिळून आकडा ५० हजारांच्या आसपास जातो. आज हे रणांगण अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि त्यांनी ते कमालीच्या निगुतीनं जपलंय. माझा आक्षेप त्या निगुतीवरच आहे.

जतनाचं तिथलं सूत्र असं की जमीन शक्य तितकी जुलै १८६३ मध्ये होती तशी दिसली पाहिजे. नंतर वाढलेली झाडी तोडली गेली, तेव्हाची कुंपणं आणि फळबागा पुन्हा उभ्या केल्या गेल्या. लढाईचं प्रचंड गोलाकार चित्र ठेवण्यासाठी रिचर्ड नॉयट्रासारख्या नामवंत वास्तुविशारदानं बांधलेली, १९६२ मध्ये उघडलेली इमारत २०१३ मध्ये पाडली, कारण ती ऐन रणभूमीवर उभी होती. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला स्नॅपशॉट म्हणू. एका ठरावीक क्षणाची सिस्टीम जशीच्या तशी जपून ठेवायची. निर्णय वरवर अगदी तांत्रिक वाटतो. पण स्नॅपशॉट कुठल्या क्षणी घ्यायचा हे कोणीतरी ठरवतं, आणि त्या क्षणी जे सिस्टीमबाहेर असेल ते त्यात येत नाही.

पाडलेल्या इमारतीच्या जवळच सेमेटरी रिजवर एक छोटंसं पांढरं घर आहे. ते अब्राहम ब्रायन या कृष्णवर्णीय शेतकऱ्याचं. तो गुलाम नव्हता, स्वतंत्र होता. १८५७ मध्ये त्यानं इथे १२ एकर जमीन विकत घेतली. ३ जुलैच्या दुपारी दक्षिणेचे सुमारे १२ हजार सैनिक ज्या टेकाडावर चाल करून आले, त्याच टेकाडावर ही जमीन होती. ‘पिकेट्स चार्ज’ नावानं ही चढाई पुस्तकांतून आणि सिनेमांतून अजरामर झालीय. ब्रायन मात्र तेव्हा घरी नव्हता. बायकामुलांना घेऊन तो आधीच गाव सोडून गेला होता.

तो का गेला, हे कळायला त्या तीन दिवसांच्या आधी जावं लागतं. जून १८६३ मध्ये जनरल लीची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली, तेव्हा वाटेत सापडणाऱ्या कृष्णवर्णीय लोकांना धरून दक्षिणेत पाठवलं जाऊ लागलं. त्यात पळून आलेले गुलाम होते, तसेच जन्मापासून स्वतंत्र असलेलेही होते. बायका आणि मुलंही सुटली नाहीत. मेरीलँडची हद्द गावापासून जेमतेम दहा मैलांवर. पलीकडे गुलामगिरी कायदेशीर होती. ब्रायनच्या जागेत भाड्यानं राहणाऱ्या मॅग पाम या बाईला तर युद्धाच्या काही वर्षं आधीच पळवून विकायचा प्रयत्न झाला होता. ती झुंजून सुटली. आपले हात कसे बांधले होते, ते दाखवणारा तिचा एक फोटोही आहे.

म्हणजे लढाई सुरू झाली तेव्हा गावातले कृष्णवर्णीय लोक मोठ्या प्रमाणात पळून गेले होते. त्या तीन दिवसांचं हुबेहूब जतन करायचं, तर त्यांची गैरहजेरीही हुबेहूब जतन होते. ब्रायनचं घर अचूक दुरुस्त केलंय. पण ते रिकामं का होतं, हे घराकडे पाहून कळत नाही.

बरं, हा १८६३ चा नियम सगळ्यांना सारखा लावला असता तरी एक वेळ समजून घेता आलं असतं. व्हर्जिनियाचं स्मारक, वर घोड्यावर बसलेला ली, १९१७ चं आहे. मिसिसिपीचं १९७३ चं. साउथ कॅरोलिनाचं १९६३ चं, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगच्या वॉशिंग्टन मोर्चाच्या वर्षातलं. त्यावर राज्यांच्या हक्कांच्या पावित्र्याबद्दल लिहिलंय. आता याच राज्यानं डिसेंबर १८६० मध्ये संघातून फुटताना काढलेला जाहीरनामा काढून वाचा. उत्तरेतली राज्यं पळालेले गुलाम परत करत नाहीत, ही त्यातली मोठी तक्रार आहे. म्हणजे दुसऱ्या राज्यांनी आपापले हक्क वापरले, याचाच राग! झाडं नंतरची म्हणून तोडली, इमारत नंतरची म्हणून पाडली, शंभर वर्षांनंतरचा दगड मात्र रणांगणाचा भाग ठरला. स्मारकं हटवा असं मी म्हणत नाही. १९६३ मध्ये लोक काय विसरू पाहत होते, याचा ते पुरावा आहेत. फक्त मग ‘आम्ही १८६३ जपतो’ असं म्हणू नये.

या विसरण्याची पायाभरणी १९१३ मध्ये झाली. लढाईच्या पन्नासाव्या वर्षी दोन्ही बाजूंचे ५० हजारांहून जास्त म्हातारे सैनिक इथे जमले, दगडी भिंतीवरून हस्तांदोलनं झाली. राष्ट्राध्यक्ष विल्सन आले आणि भांडण आता विसरलं गेलंय, अशा आशयाचं बोलले. त्याच वर्षी वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळं बसवलं जात होतं. डेव्हिड ब्लाइट या इतिहासकारानं ‘रेस अँड रियुनियन’ या पुस्तकात (२००१) हा सौदा उलगडून दाखवलाय. गोऱ्यांची गोऱ्यांशी दिलजमाई झाली, आणि युद्ध कशासाठी झालं हा प्रश्न तिच्या पोटात गेला. इकडे पुण्यात महात्मा फुल्यांना १८७३ मध्ये हे कोडं पडलं नव्हतं. ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना.

गेल्या पंचवीस वर्षांत सुधारणा झाली, हे मान्यच. २००० च्या सुमारास अमेरिकी काँग्रेसनं पार्क सर्व्हिसला सांगितलं, की युद्धस्थळांवर गुलामगिरीची भूमिका स्पष्ट मांडा. २००८ मध्ये उघडलेलं गेटिसबर्गचं नवं म्युझियम ती मांडतं; तिथल्या फिल्मला मॉर्गन फ्रीमनचा आवाज आहे. पण म्युझियम दाराआड, आणि रणांगण बाहेर मैलोनमैल. रीडमी फाईल बदलली, कोड बराचसा तोच राहिला.

माझ्या मते स्नॅपशॉटची मुदत वाढवायला हवी. जूनमधल्या धरपकडीपासून सुरुवात करा आणि जुलै संपल्यावरही थांबू नका. ब्रायन परतला, तेव्हा शेत तुडवलं गेलेलं होतं आणि घराची दैना झाली होती. त्यानं सरकारकडे १,०२८ डॉलरची भरपाई मागितली. मिळाले १५. पुढे १८६९ मध्ये त्यानं ती जमीन विकली आणि १८७९ मध्ये तो वारला. त्याची कबर गावातल्या लिंकन सेमेटरीत आहे. उत्तरेच्या बाजूनं लढलेले सुमारे ३० कृष्णवर्णीय सैनिकही तिथेच आहेत, कारण सैनिकांच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांच्यापैकी बहुतेकांना जागा मिळाली नाही. लिंकननं ते भाषण त्या राष्ट्रीय दफनभूमीच्या उद्घाटनालाच केलं होतं. लिंकनचं नाव असलेली दफनभूमी पार्कच्या हद्दीबाहेर पडते.