शेवटच्या पानापासून सातारा

बँकेत वीसेक वर्षं खर्डेघाशी केली, की माणसाला एक खोड जडते. समोर काहीही आलं, तरी तो आधी आरंभीची शिल्लक विचारतो. पाहुण्याला सातारा पायी दाखवण्याचा आमच्याकडे जो सर्वमान्य मार्ग आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार हीच आहे. तो अखेरच्या शिलकेपासून सुरू होतो!

मार्ग असा : एसटी स्टँडवर उतरा, पोवई नाक्यावर या, राजपथानं चालत राजवाडा गाठा, कंदी पेढे घ्या आणि दम उरलाच तर चार भिंती नि अजिंक्यतारा. यातलं 'दम उरलाच तर' हे कलम फार वाईट. तो उरत नाही. पेढेही उरत नाहीत, पण ते वेगळं. मग राजवाड्यापासूनच वर बोट करायचं, "तो बघा हो अजिंक्यतारा!" की यजमान मोकळा.

आता गंमत बघा. हे शहर मुळात वरून खाली आलेलं. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली किल्ल्यावर झाला, मग त्यांनी पायथ्याशी गाव वसवलं. राजवाडा पुढं प्रतापसिंह महाराजांनी बांधला. १८३९ साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले, ते चौदा वर्षं तिथंच ठाण मांडून बसले. (आमच्या काउंटरवर चौदा मिनिटं झाली, की गिऱ्हाईक मॅनेजरला हाक मारतं.) अर्ज निकालात निघण्याआधीच, १८४८ साली, राज्य खालसा झालं. मग त्याच राजवाड्यात सरकारी शाळा भरू लागली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिच्या रजिस्टरात एका मुलाचं नाव चढलं, भिवा रामजी आंबेडकर. कारकून म्हणून सांगतो, साताऱ्याच्या खात्यावर याहून मोठी जमा शोधून दाखवा.

खालून येणारा पाहुणा हे सगळं उलटं वाचतो. राजवाडा दिसतो, पण राजा कुठं गेला ते कळत नाही. कळायला वर जावं लागतं, आणि वर कोण जातो? घरी जाताना त्याची समजूत एवढीच, की इतिहास म्हणजे मोठ्या माणसांची मोठी घरं. त्याच्याबरोबरच्या पोराचीही तीच होते, हे जास्त वाईट. वरून उतरत आलं तर आधी किल्ला, मग १८५७ च्या वीरांचं स्मारक असलेल्या चार भिंती, मग राजवाडा, आणि शेवटी शाळेचं रजिस्टर. इतिहास गडावरून उतरत उतरत एका शाळकरी पोराच्या दप्तरापर्यंत येतो. बरोबरच्या पोराला तिथं आपली ओळख पटते.

हीच कसोटी सांगलीला लावा. सांगली सपाट, तिथं चढ-उताराचं काम कृष्णामाई बघते. तिथला पाहुणा गणपती मंदिर करून भडंगाच्या पुड्यापाशी थांबतो. चिंतामणराव आप्पासाहेबांच्या आश्रयानं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच 'सीता स्वयंवर' रंगवलं, तेही कुणीतरी सांगतं. पण फेरी संपायला हवी १९२९ च्या आयर्विन पुलावर. २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेला सांगलीकर पावसाळ्यात तिथले फूट असे विचारतो, जसे आम्ही महागाई भत्त्याचे टक्के विचारतो. तो आकडा ऐकल्याशिवाय सांगली पाहिली असं म्हणू नये.

साताऱ्यापुरती माझी शिफारस बिनखर्चाची नाही, पण माफक आहे. किल्ल्यापर्यंत रिक्षा करावी आणि पाय उतरणीला वापरावेत. पेढे राजवाड्यापाशीही मिळतात.