'सीआयडी'तील थप्पड आणि प्रेक्षकांची शंका

सोनी वाहिनीवर जानेवारी १९९८ मध्ये सुरू झालेली 'सीआयडी' ही हिंदी मालिका ऑक्टोबर २०१८ मध्ये थांबली, तेव्हा तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले होते. २१ डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा सुरू झाली आणि जुन्या प्रेक्षकांच्या मनात शंका उभ्या राहिल्या. दया आपल्या जिवलग अभिजीतवर गोळी झाडतो, हे कसे पटावे? एप्रिल २०२५ मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मारले गेल्याचे दाखविले, त्यांच्या जागी आयुष्मान हा तरुण अधिकारी आणला आणि त्याच वर्षी प्रद्युम्नही परतले. मग मरणाला काय किंमत उरली?

या शंका रास्तच आहेत. शिवाजी साटम यांनी वीस वर्षे उभ्या केलेल्या व्यक्तिरेखेचे मरण लोकांना खेचून आणण्यासाठी वापरणे, हे कथेचे दिवाळे होय. परंतु माझी शंका या हंगामाहून जुनी आहे. ती दयाच्या थपडेविषयी आहे.

मालिकेचा साचा सर्वांना पाठ आहे. प्रेत सापडते. डॉ. साळुंखे प्रयोगशाळेत पुरावा शोधतात. संशयित नाकबूल होतो, थोबाडीत बसते आणि तो घडाघडा बोलू लागतो. प्रद्युम्न त्याला फाशीची खात्री देतात. न्यायालयाची गरजच उरत नाही.

मालिकेवर अन्याय करण्याची माझी इच्छा नाही. तिच्यातले खुनी बहुधा बंगल्यांतले, संपत्तीसाठी आप्तांचा जीव घेणारे असतात. गुन्हेगार म्हटला की झोपडपट्टी, हे सोपे समीकरण तिने सरसकट वापरले नाही. पुराव्याचे शास्त्रही तिने घरोघर नेले. मग प्रश्न असा पडतो की, प्रयोगशाळेत पुरावा मिळालाच आहे, तर थप्पड कशासाठी? कायद्याला तिचा उपयोग नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम २५ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ तेच सांगते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले ते १९९६ मध्ये, म्हणजे मालिका सुरू होण्यापूर्वीच. अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी, यांना या साच्यात जागा मिळाली नाही.

थप्पड आहे ती प्रेक्षकांसाठी. ती बहुधा खऱ्या गुन्हेगारालाच बसते, म्हणून आपल्याला ती न्याय वाटते. लेखकाला खुनी आधीच ठाऊक असतो. ठाण्यातल्या शिपायाला तो ठाऊक नसतो. त्याच्याजवळ असतो फक्त संशय, आणि या देशात संशयालाही जात असते. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण चोरी कुठेही झाली तरी पारध्याच्या पालावर जाण्याची सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) ज्यांनी वाचले आहे, त्यांना पोलिसांच्या माराने माणसाचे आणि त्याच्या घराचे काय होते, हे सांगावे लागणार नाही. तिथे मार खाणारा बोलतो. मालिकेत तो फक्त कबूल होतो.

ही निव्वळ करमणूक आहे, असे कोणी म्हणेल. दयाने दार तोडणे हा तर घराघरांतला विनोद झाला आहे. पण पोलिसांनी कोणाचे दार तोडावे आणि कोणाच्या दारावरची घंटा वाजवून थांबावे, याचा अनुभव वस्तीला आहे. पत्र्याच्या दाराला दयाच्या खांद्याची गरज पडत नाही.

नव्या हंगामाला एक संधी होती. पोलीसच पोलिसावर गोळी झाडतो, तेव्हा पोलिसांचा तपास कोणी करावयाचा, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. प्रेक्षकांत मात्र चर्चा झाली ती दोघांच्या मैत्रीची. प्रद्युम्न खरोखर मेले का, हे विचारणारा प्रेक्षक चौकस आहे, बुद्धिमान आहे. त्याच चौकसपणाने त्याने थपडेकडे पाहावे, एवढीच माझी अपेक्षा आहे. शिक्षक मित्रांनी वर्गात या मालिकेचा विषय निघाला, तर मुलांना एकच प्रश्न विचारावा: ज्याला मारले तो निर्दोष असता, तर त्याने दाद कोणाकडे मागितली असती?