उसनी भरती

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा आडाखा काही वर्षांपूर्वी आम्ही एका लेखात छापला होता. तो कोठून घेतला हे लेखकाने लिहिले नव्हते आणि आम्हीही विचारले नाही. पुढे पेण तालुक्यातील एका शिक्षिकेचे पत्र आले. मुलांना घेऊन त्या धरमतरच्या खाडीवर गेल्या. काठीवर खुणा करून मुलांनी दर पाव तासाने पाण्याची पातळी नोंदली. लेखातली पूर्ण भरतीची वेळ होऊन गेली, तरी पाणी चढतच होते. शिक्षिकेने विचारले होते, ‘‘चूक कोणाची? मुलांची की लेखाची?’’

चूक लेखाची होती, आणि आमचीही. हा आडाखा उघड्या किनाऱ्याचा. मुंबईजवळ अमावस्या-पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमारास येते, म्हणून तेथे तो ढोबळमानाने जुळतो. धरमतर मात्र खाडीच्या आत आहे. रेवस-करंजाच्या मुखातून शिरलेले भरतीचे पाणी अंबा नदीच्या पात्रातून वर चढत तेथवर येते. पाणी जितके उथळ तितका भरतीच्या लाटेचा वेग कमी. पाच मीटर खोलीत तो ताशी सुमारे २५ किलोमीटर भरतो. साहजिकच धरमतरची भरती उशिरा होते. शिवाय आडाख्यातच एक तूट आहे. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत, म्हणजे ३० तिथींत, भरतीची वेळ २४ तास पुढे सरकते. एका तिथीला ४८ मिनिटे झाली. आडाखा ४५ मिनिटेच धरतो. पौर्णिमेपर्यंत ही तूट पाऊण तासाची होते आणि बाराऐवजी सव्वाअकरा हे उत्तर येते. तोंडी हिशेबाच्या सोयीसाठी केलेली ही तडजोड आहे. ती वापरणाऱ्या कोळ्याला ठाऊक असते, उतरवून घेणाऱ्या लेखकाला नसते.

पत्र आल्यावर आम्ही शोध घेतला. तोच मजकूर त्याआधी अन्यत्र येऊन गेला होता. वाक्ये थोडी फिरवलेली होती, पण उदाहरणाच्या तिथी त्याच आणि एक गणिती चूकही तीच! पाठचिकित्सा करणाऱ्या विद्वानांना ही खूण परिचयाची आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. अशा कामात दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, की त्यांचा उगम एक असावा असे मानतात. बरोबर उत्तर दोघांना स्वतंत्रपणे सुचू शकते. तीच चूक सुचणे अवघड.

वाङ्मयचौर्य म्हटले की आपण मूळ लेखकावरील अन्यायाचा विचार करतो. तो अन्याय आहेच. पण विज्ञानलेखनात वाचकाचेही नुकसान होते, आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. उगम पुसला की त्या विधानाच्या अटीही पुसल्या जातात. ते कोणत्या जागी, कोणत्या काळी, किती अचूकतेने खरे आहे, हे कळेनासे होते.

याचे मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले, ते पंधराशे फूट उंच गेले, न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव गायकवाड तेथे हजर होते, ही कथा अनेकांनी वाचली असेल. ‘केसरी’त बातमी आली होती असेही लिहितात, बहुतेक लेखांत अंकाची तारीख मात्र नसते. काही लेखक या विमानाचा आधार म्हणून ‘वैमानिकशास्त्र’ या ग्रंथाचे नाव घेतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली या ग्रंथाची तपासणी प्रसिद्ध केली. तो १९०४ पूर्वीचा नाही आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८९५ च्या विमानाला त्यानंतरच्या ग्रंथाचा आधार कसा असेल? तळपदे यांनी प्रयोगच केले नाहीत, असे आमचे म्हणणे नाही. पण दहा लेख म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. ती एकाच साक्षीच्या दहा नकला असू शकतात, आणि उगम दिलेला नसल्यामुळे हे वाचकाला ओळखता येत नाही.

कायद्यावर विसंबून हे सुटणार नाही. १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. आणि ते योग्यच आहे, नाही तर ज्ञान पुढे कसे जाईल? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत मजकुराचे साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. संगणक शब्द जुळवतो. शब्द बदलून उचललेला विचार त्याच्या चाळणीतून सहज निसटतो.

उसने घेण्यात कमीपणा नाही. आपण सारेच घेतो. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नच्या कथा मराठी मुलांना दिल्या, त्या व्हर्नचे नाव सांगूनच. त्याने भागवतांचे श्रेय तसूभरही घटले नाही. लोकज्ञानाला कर्ता नसतो, ही सबबही पुरी पडत नाही. नाव नसले तरी गाव असते. ‘अमुक बंदरावरील कोळ्यांकडून ऐकले’ एवढे त्या लेखात असते, तर शिक्षिकेला वेळ चुकण्याचे कारण घरबसल्या उमगले असते.

पेणच्या खारभूमीत हा प्रश्न केवळ लेखनशिस्तीचा राहत नाही. भरती चढण्याआधी बांधाच्या उघाडीचे दार बंद व्हावे लागते. खारे पाणी भातशेतीत शिरले तर त्याचा फटका पुढच्या हंगामांनाही बसतो. तेथील शेतकरी दुसऱ्या बंदराची वेळ आपल्या दाराला लावत नाही.

त्या मुलांची नोंदवही आम्ही मागवून घेतली आहे. तीत पहिल्या पानावर जागा, तारीख, तिथी आणि नोंदणाऱ्यांची नावे आहेत. आमच्या लेखात यातले काहीच नव्हते. यापुढे येणाऱ्या प्रत्येक लेखकाला आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत : हे आपल्याला कोठून कळले? शिक्षकांनी प्रकल्पवह्या तपासताना तोच विचारावा. आणि आम्ही विचारायला चुकलो, तर आम्हालाही विचारावा.