शब्दगणना आणि दुर्बोधता : एसॉप रॉकच्या रचनेसंबंधी

इ. स. २०१४ मध्ये मॅट डॅनियल्स या अमेरिकन लेखकाने एक आलेख प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून एसॉप रॉक या रॅपरचे नाव निघाले की आधी तो आलेखच पुढे येतो. हिप हॉपमधील निरनिराळ्या कलावंतांच्या पहिल्या ३५,००० शब्दांत परस्परांहून भिन्न असे शब्द किती, याची ती मोजणी होती. एसॉप रॉकची संख्या ७,३९२ भरली व तो सर्वांच्या पुढे राहिला. तुलनेसाठी मेल्व्हिलच्या 'मोबी डिक'मधील तेवढेच शब्द घेतले होते, त्यांत ६,०२२ भिन्न शब्द निघाले. शेक्सपिअरच्या सात कृतींतून प्रत्येकी ५,००० शब्द घेतले, तेथे ५,१७०. शेक्सपिअरला मागे टाकणारा गायक म्हटल्यावर त्याची कीर्ती होणार, हे उघडच आहे.

हा आलेख मी स्वतः एम्. ए.च्या वर्गात अनेकदा दाखविला आहे. विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे करण्यास तो उपयोगी पडतो. परंतु अलीकडे संगणकाने केलेल्या शब्दगणनेवर उभारलेले प्रबंध माझ्याकडे वाचनासाठी येऊ लागले आहेत, आणि 'शब्द अधिक, म्हणून रचना दुर्बोध' हे विधान त्यांत जणू सिद्ध झालेले असावे अशा रीतीने येते. हा समज पसरविण्यात माझ्या त्या वर्गांचाही थोडासा वाटा असावा, अशी मला शंका आहे. म्हणून ज्या उदाहरणाने तो बळावला त्याचीच तपासणी करणे मला प्राप्त आहे.

प्रथम गणनेविषयी. डॅनियल्स यांनी आपली पद्धत उघडपणे सांगितली आहे. त्यांच्या मोजणीत एकाच प्रकृतीची निरनिराळी रूपे निरनिराळे शब्द म्हणून धरली आहेत. एकवचन, अनेकवचन, धातुसाधित, आणि त्या धातुसाधिताचे अंत्य व्यंजन गाळून केलेले बोलीतील रूप, असे चार शब्द झाले. इंग्रजीसारख्या अल्पविकारी भाषेत याने होणारा घोटाळा काही मर्यादेत राहतो. हेच माप मराठीला लावून पाहावे. 'घर', 'घरी', 'घरात', 'घराला', 'घरापासून' हे पाच शब्द ठरतील आणि प्रापंचिक गोष्टींवर लिहिणारा कोणताही साधा कवी सहज महाकवींच्या पंक्तीस बसेल. शिवाय रॅप ही मुळात उच्चारलेली रचना. ती ज्याने लिहून काढली त्याच्या शुद्धलेखनाच्या सवयीही या संख्येत मिसळतात. येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. एसॉप रॉकने २००५ मध्ये 'फास्ट कार्स, डेंजर, फायर अँड नाइव्ह्ज' या लघुसंग्रहाबरोबर आपल्या रचनांच्या शब्दांची एक पुस्तिका काढली होती. अशा कलावंताच्या अभ्यासाला त्या पुस्तिकेपासून आरंभ करणे अधिक शास्त्रीय होईल. पाठनिश्चिती आधी आणि मोजणी नंतर, हा क्रम आपण ज्ञानेश्वरीच्या बाबतीत पाळतो. तो रॅपच्या बाबतीत सोडण्याचे कारण नाही.

एसॉप रॉक म्हणजे इयन बॅव्हिट्झ. त्याचा जन्म १९७६ चा, बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. बॉस्टन विद्यापीठात त्याने चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि तेथेच ब्लॉकहेड या संगीतरचनाकाराची गाठ पडली. 'एसॉप' हे नाव मित्रांबरोबर केलेल्या एका चित्रपटातील पात्राचे. 'रॉक' मागाहून जोडले गेले. १९९७ मधील 'म्यूझिक फॉर अर्थवर्म्स' आणि १९९९ मधील 'ॲपलसीड' हे दोन्ही संग्रह त्याने स्वतःच काढले. पुढे 'फ्लोट' (२०००) मश या छोट्या संस्थेकडून आणि 'लेबर डेज' (२००१) एल-पी या रॅपरच्या डेफिनिटिव्ह जक्स या संस्थेकडून निघाला. २०१० मध्ये त्या संस्थेने काम थांबविल्यावर तो मिनिआपोलिसच्या ऱ्हाइमसेयर्सकडे गेला. मोठ्या कंपन्यांच्या आश्रयाबाहेर त्याने जवळजवळ तीन दशके काढली, एवढे येथे पुरे.

आता दुर्बोधतेकडे वळू. मर्ढेकरांच्या निमित्ताने आपल्याकडे या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्ची पडली. अपरिचित शब्द आणि अपरिचित संबंध या दोन गोष्टी निराळ्या आहेत, एवढा विवेक त्या वादातून आपण उचलावयास हवा होता. अपरिचित शब्दाला कोश आहे. अपरिचित संबंधाला कोश नाही. एसॉप रॉकची 'लेबर डेज'मधील अवघड रचना ऐकताना श्रोता अडतो तो क्वचितच एखाद्या शब्दापाशी. तो अडतो नामांच्या राशीपाशी. इंग्रजीत एका नामापुढे दुसरे नाम कोणत्याही प्रत्ययाशिवाय विशेषणासारखे उभे करता येते, आणि नामाचे क्रियापद करण्यासही काही जोडावे लागत नाही. या दोन्ही सवलतींचा एसॉप रॉक जेवढा फायदा घेतो तेवढा घेणारे थोडेच. उभयान्वयी अव्यये गळतात, सर्वनाम कोणाचे हे सांगितले जात नाही, वाक्य संपण्याआधी पुढचे चित्र येऊन आदळते. त्यात यमक केवळ चरणान्ती नसून चरणाच्या पोटातही तीनतीन, चारचार स्वरांची साखळी चालू असते. कान ती साखळी धरतो आणि अर्थ हातून निसटतो. या सगळ्यात शब्द बहुधा रस्त्यावरचे, कारखान्यातले, शाळकरी मुलांच्या चित्रपुस्तकातले असतात.

हे म्हणणे खरे असेल तर त्याच शब्दसंपत्तीत सुबोध रचनाही संभवली पाहिजे. तशी ती आहे, आणि त्याच संग्रहात आहे. 'नो रिग्रेट्स' ही ल्यूसी नावाच्या स्त्रीची कथा. ती सात वर्षांची असताना, सदतीस वर्षांची असताना आणि सत्त्याऐंशीव्या वर्षी, अशी तीनदा आपल्याला भेटते आणि चित्रे काढणे हेच तिचे काम आहे. कथानक सरळ, वाक्ये पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापद आपापल्या जागी. ऐकणाऱ्याला टिपणाची गरज पडत नाही. मजुरीवर आणि घड्याळावर इतक्या कडवटपणे बोलणाऱ्या संग्रहात, जिला आपले काम हेच आपले जगणे वाटते अशी ही एकच बाई शांत आहे. माझ्या मते सबंध संग्रहाचा तोल तिच्यावर आहे. 'डेलाइट' आणि २००२ मधील 'नाइट लाइट' ही जोडी तर भाषाशास्त्राच्या वर्गात मुद्दाम ऐकवावी. सांगाडा तोच. पदे बदलून उजेडाची रचना अंधाराची केली आहे. एकाच वाक्यरचनेच्या साच्यात विरुद्ध आशय बसविणाऱ्याला संबंध कोठे लपवावे आणि कोठे दाखवावे हे नेमके ठाऊक आहे. त्याची दुर्बोधता ही त्याची लाचारी नव्हे.

क्वचित ती आवड होऊन बसते, हेही सांगितले पाहिजे. 'बझूका टूथ' (२००३) मध्ये बहुतेक संगीतही त्याचेच आहे, आणि तेथे शब्द व ताल दोघेही एकाच वेळी जागा अडवून बसतात. कलावंताच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हा संग्रह पुन्हा ऐकावा. 'नको' म्हणणारा कोणी जवळ नसला म्हणजे काय होते, ते येथे दिसते.

मात्र तेच स्वातंत्र्य २०१२ च्या 'स्केलेथॉन'मध्ये आणि २०१६ च्या 'द इम्पॉसिबल किड'मध्ये निराळे फळ देते. दोन्ही संग्रहांचे संगीत त्याने स्वतः केले, पण आता संगीत आवाजासाठी मागे सरते. मधल्या काळात, २००८ मध्ये, त्याचा मित्र व सहकारी कामू ताओ कर्करोगाने गेला होता. या मृत्यूविषयी तो अनेक वर्षे आडून बोलत राहिला. 'गेट आउट ऑफ द कार'मध्ये मात्र प्रथमच समोरासमोर बोलतो, आणि त्या थोडक्या ओळींत नामांच्या राशी जवळजवळ नाहीत. 'रिंग्ज'मध्ये सोडून दिलेल्या चित्रकलेची कबुली आहे. 'कर्बी' ही मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने पाळलेल्या मांजरीवरची रचना, आणि ती अतिशय विनोदी आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर आलेल्या या माणसाचे शब्द कमी झालेले नाहीत. वाक्ये मात्र पूर्ण होऊ लागली आहेत.

२०१४ चा आलेख या संग्रहापर्यंत पोहोचूच शकत नव्हता. त्याची धाव पहिल्या ३५,००० शब्दांपुरती. पण पोहोचला असता तरी 'लेबर डेज' आणि 'द इम्पॉसिबल किड' यांतील अंतर त्याला दिसले नसते, कारण ते अंतर शब्दांत नाही, शब्दांच्या मधल्या जागेत आहे. ती जागा मोजावयाची तर वाक्याचे पृथक्करण करावे लागेल : कर्ता कोठे लोपला, सर्वनामाला पूर्वपद आहे की नाही, दोन नामांमधील संबंध श्रोत्याने कोणता मानावा. हे काम संगणकाला सांगता येते, पण आधी ते 'नो रिग्रेट्स' आणि तिच्या शेजारची एखादी अवघड रचना समोर ठेवून हाताने करून पाहावे. पहिल्या सत्रात तेवढेच झाले तरी चालेल.