काळा घोडा, खडा पारशी : पुतळ्यांची लोकनावे

मुंबईत एका चौकाला काळा घोडा म्हणतात आणि एका नाक्याला खडा पारशी. ही नावे कोणत्याही समितीने ठरवलेली नाहीत. काळ्या घोड्यावर इंग्लंडचा युवराज, पुढचा सातवा एडवर्ड, बसलेला होता. भायखळ्याचा खडा पारशी म्हणजे कर्सेटजी माणेकजी हे सधन गृहस्थ. युवराजाचे नाव लोकांच्या तोंडी कधी रुळले नाही आणि कर्सेटजींचे नावही मागे पडले. उरले ते एवढेच : एक रंग, एक जनावर, एक उभे राहण्याची ढब आणि पोशाखावरून ओळखू आलेला एक समाज.

या नावांकडे आपण गंमत म्हणून पाहतो. मला त्यांत या शहराची सर्वांत जुनी शिल्पसमीक्षा दिसते. चौथऱ्यावरचा इंग्रजी लेख ज्याला वाचता येत नव्हता, त्या हमालाने, घोडागाडीवाल्याने, भाजीवालीने पुतळा वाचण्याऐवजी पाहिला आणि जे दिसले त्याला नाव दिले. ही निव्वळ पत्ता सांगण्याची सोय होती, असा आक्षेप कोणी घेईल. सोय होतीच. पण सोयीसाठीसुद्धा डोळ्यांत भरलेलीच गोष्ट निवडावी लागते, आणि समीक्षेची पहिली पायरी तीच : समोर काय आहे ते नीट सांगणे.

काळ्या घोड्याचे उदाहरण तपासून पाहण्याजोगे आहे. युवराजाच्या १८७५-७६ च्या भारतभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला. तो १८७९ मध्ये उभा राहिला. शिल्पकार होते जोसेफ एडगर बोहम. जन्माने व्हिएन्नाचे, कारकीर्द लंडनची, आणि घोड्यांच्या शिल्पांसाठी नावाजलेले. म्हणजे शिल्पकाराचा हात जिथे सर्वांत तयार होता, नेमके तेच मुंबईकरांनी उचलले. स्वार राजघराण्याच्या मागणीचा होता, घोडा बोहम यांच्या आवडीचा. ज्यांनी बोहम हे नाव कधी ऐकले नाही, त्यांनी त्यांच्या कामातला सरस भाग अचूक ओळखला, असे मला वाटते.

फ्लोरा फाउंटनची कथाही याच वळणाची. पश्चिम भारताच्या ॲग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८६४ मध्ये हे कारंजे उभारले. ते आधी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानासाठी, योजले होते आणि त्याला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव द्यायचे होते. प्रत्यक्षात ते जुन्या किल्ल्याच्या चर्चगेटच्या जागी आले. नाव मात्र टिकले शिखरावर उभ्या असलेल्या रोमन पुष्पदेवतेचे. तट पाडून शहर मोकळे करणाऱ्या गव्हर्नरापेक्षा दगडातली बाई लोकांच्या लक्षात राहिली.

त्याहून जुना दाखला समुद्रापलीकडे आहे. घारापुरीच्या धक्क्याजवळ एक अखंड दगडातला हत्ती होता. पोर्तुगिजांनी त्यावरून बेटाला एलिफंटा म्हटले. लेण्यांतली प्रचंड त्रिमूर्ती आत अंधारात होती. गलबतातून उतरणाऱ्याला आधी उघड्यावरचा हत्ती दिसे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, तेव्हा क्रेन तुटली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे भायखळ्याला आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. आज तो डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. बेट हत्तीचे नाव घेऊन तिकडे राहिले, हत्ती बेटाविना इकडे आला.

या पाहण्याच्या परंपरेला समांतर दुसरी एक परंपरा आहे. पुतळा म्हणजे प्रत्यक्ष ती व्यक्तीच, असे ती मानते. मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून १८७२ मध्ये बसवला गेला. चापेकर बंधूंनी १८९६ मध्ये त्याला डांबर फासले. त्यांच्या दृष्टीने ते संगमरवराला नव्हे, राज्यसत्तेला फासले होते, आणि पारतंत्र्यात तसे पाहणे समजण्यासारखे होते. स्वातंत्र्यानंतर राजे-लाट रस्त्यांवरून हलवले गेले तेही याच न्यायाने. काळा घोडा १९६५ मध्ये जिजामाता उद्यानात गेला. मला या निर्णयाविरुद्ध काही म्हणायचे नाही. परक्या राजाने स्वतंत्र शहराच्या चौकात बसून राहावे, असे कोणी का मानावे?

पण त्यानंतर जे घडले त्याचा विचार व्हायला हवा. पुतळा गेला, नाव राहिले. अर्धशतकाहून अधिक काळ मुंबईकर त्या जागेला, तिथे नसलेल्या घोड्याच्या नावाने, ओळखत राहिले. १९९९ पासून तिथे भरणाऱ्या कलामहोत्सवानेही तेच नाव घेतले. २०१७ मध्ये श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा तिथे आला. त्याच्या पाठीवर कोणीही नाही. या शिल्पाविषयी मतभेद असू शकतात. जुन्या घोड्याची जरब त्याच्यात नाही, आणि आजूबाजूच्या गाड्यांच्या गर्दीत त्याला चारी बाजूंनी निवांत पाहता येत नाही. तरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : हे कोणा व्यक्तीचे स्मारक नाही. लोकांनी ठेवलेल्या एका नावाचे ते शिल्प आहे. स्वार नको, घोडा हवा, हा मुंबईकरांचा जुना निकाल शेवटी शिल्पातच उतरला.

आता लोकनावांची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती रूप जपतात, पण घडवणाऱ्याला विसरतात. अधिकृत नावे व्यक्ती जपतात आणि घडवणाऱ्याला तीही विसरतात. दोन्हींकडून मार खातो तो शिल्पकार.

फ्लोरा फाउंटनपासून काही पावलांवर दादाभाई नौरोजींचा पुतळा आहे. १९२५ सालचा. दादाभाई बसलेले आहेत. राष्ट्रपितामहाला उभे करून हात उंचावायला लावण्याचा मोह शिल्पकाराने टाळला. लेखन, आकडेमोड आणि चिकाटी यांवर ज्याचे राजकारण उभे होते, त्या माणसाला बैठकच शोभते. हा निर्णय बाळाजी वसंत तालीम यांचा. शिर्डीच्या समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती, १९५४ सालची, त्यांचीच. तीही बसलेली. अक्षरशः कोट्यवधी माणसांनी तालीम यांच्या हातचे काम पाहिले आहे, त्यापुढे हात जोडले आहेत. त्यांतल्या किती जणांना तालीम हे नाव सांगता येईल?

गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा रघुनाथ कृष्ण फडके यांचा. गेटवेसमोरचा, २६ जानेवारी १९६१ रोजी अनावरण झालेला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा ना. ग. पानसरे यांचा. फोर्टातल्या न्यू इंडिया अश्युरन्सच्या इमारतीवरची शिल्पेही पानसऱ्यांचीच, १९३०च्या दशकातली. तिथे कष्टकरी स्त्रीपुरुषांच्या आकृती इमारतीच्या उभ्या रेषांत मिसळून ताणल्या आहेत; भिंत हेच त्यांचे अंग. गेटवेला मात्र घोडा आणि स्वार मोकळ्या आकाशात चारी बाजूंनी उभे करायचे होते. एकाच शिल्पकाराने या दोन टोकांच्या अडचणी कशा सोडवल्या, हे दोन्ही ठिकाणे एका दुपारी पायी पाहिली तर समजते. मराठी शिल्पकलेचा हा धडा फुकट आणि रस्त्यावर आहे. पण दोन्ही कामे एकाच हातची आहेत हे कळायला मला ग्रंथालयात जावे लागले.

मुंबईकरांना घडवणाऱ्याची कदर नाही, असा याचा अर्थ नाही. गणपतीच्या दिवसांत पाहा. मूर्ती कोणत्या मूर्तिकाराची, हे मंडळाचा साधा कार्यकर्ताही सांगतो. परळच्या विजय खातूंच्या मूर्तीचे डोळे, त्यांची उभी राहण्याची ऐट यांवर लोक जाणकारीने बोलत. २०१७ मध्ये ते गेले तेव्हा गिरणगाव हळहळला. दहा दिवसांनी पाण्यात जाणाऱ्या मूर्तीचा कर्ता आपल्याला माहीत असतो आणि शंभर वर्षे रस्त्यात उभ्या असलेल्या ब्राँझचा नसतो. मूर्ती आपण घडताना पाहतो, कारखान्यात जाऊन निवडतो, हे त्याचे कारण असावे. पुतळा मात्र पडद्याआडून थेट अनावरणाला येतो.

समुद्रकाठच्या शहरात या अज्ञानाची किंमत मोजावी लागते. मोठा पुतळा एकसंध ओतला जात नाही. मातीच्या नमुन्यावरून साचे होतात, ब्राँझचे भाग वेगवेगळे ओतून जोडले जातात आणि आत लोखंडी सांगाडा असतो. ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना लागून खाऱ्या ओलाव्यात राहिले, की लोखंड आधी गंजते. बाहेरून चेहरा तसाच दिसतो, आत आधार झिजत असतो. म्हणजे धातू कोणता, जोड कसे, सांगाडा कशाचा, हे प्रश्न शिल्पाच्या आयुष्याचे असतात. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्यानंतर काही आठवडे महाराष्ट्रभर शिल्पकार, ओतकाम, वेल्डिंग आणि गंज यांची चर्चा झाली. अनावरणाच्या दिवशी ती कोणी केली नव्हती.

पाहणे सुटल्याची आणखी एक खूण म्हणजे रंग. फ्लोरा फाउंटन पोर्टलंड दगडातले, जेम्स फोर्सिथ यांनी कोरलेले. त्यावर वर्षानुवर्षे पांढऱ्या रंगाचे थर चढवले गेले आणि छिन्नीच्या रेषा त्यांखाली बुजल्या. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या जतनकामात ते थर काढले, तेव्हा दगड पुन्हा दगडासारखा दिसू लागला. गावोगावच्या अर्धपुतळ्यांना जयंतीच्या आदल्या दिवशी सोनेरी रंग फासणारेही भक्तीनेच फासतात. पण त्या भक्तीत नाकडोळ्यांची धार जाते, आणि ज्याच्यासाठी हे करतो त्याचाच चेहरा पुसट होतो.

आता आपला सगळा भर उंचीवर आहे. अरबी समुद्रातल्या नियोजित शिवस्मारकाचे जलपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झाले. आराखड्यात उंची २१२ मीटर. इंदू मिलच्या जागी बाबासाहेबांचा पुतळा ३५० फुटांचा, १०० फुटांच्या चौथऱ्यावर. या दोन्ही महापुरुषांबद्दलच्या आदराला कोणतेही माप अपुरेच पडेल. माझा प्रश्न शिल्पाविषयी आहे. वृत्तपत्रांत मीटर येतात, खर्च येतो, तारखा येतात. चेहऱ्यावर कोणता भाव असेल, खालून पाहताना प्रमाणे कशी दिसतील, यावर एक परिच्छेद येत नाही. उंच पुतळ्याचे डोके खालून लहान दिसते, म्हणून शिल्पकाराला प्रमाणे मुद्दाम बदलावी लागतात. ही जाहीर चर्चेची गोष्ट आहे, कारण त्या पुतळ्याखाली आपण सारे उभे राहणार आहोत.

गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरले की जवळच सासवणे आहे. तिथे विनायक पांडुरंग करमरकर यांच्या घरी त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय आहे. पुण्याचा १९२८ सालचा अश्वारूढ शिवपुतळा घडवणारा हाच हात. पण सासवण्याला कळते ते वेगळे : शिल्प आपल्या उंचीवर, हाताच्या अंतरावर असले की माणूस आपोआप थांबतो, फिरून पाहतो, मनगट कसे वळले आहे ते निरखतो. तिथे आलेला शाळकरी मुलगाही आधी विचारतो ते ‘हे कोणाचे?’ असे नव्हे, तर ‘हे कशाचे केले आहे?’ असे.

मुंबईतल्या प्रत्येक चौथऱ्यावर उद्घाटकाच्या नावाखाली तीन ओळींना जागा नक्कीच आहे : कोणी घडवले, कशात, कुठे ओतले. महापालिकेला फारसा खर्च नाही. बाकीचे काम लोक करतील. ते त्यांनी आधी केलेले आहे. अट इतकीच, की पुतळा त्यांच्या नजरेच्या टप्प्यात असावा. २१२ मीटर उंचीवरच्या चेहऱ्याला नाव ठेवायला कोणाची मान पुरणार?